चितेगावच्या भोकातलं केरोजेन

त्रिंबकला कचेरीत त्रिंबक असं कुणी म्हणत नसे. त्याला ‘चवथा’ म्हणत. आईबापाचा तो थोरला, शाळेत कायम दुसरा आलेला. पण चिकलठाण्याच्या त्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षांत त्यानं जेवढा दगड कुटला, तेवढा सगळा चवथ्या प्रकारचा निघाला. तेव्हा दगडाचं नाव माणसाला चिकटलं, आणि पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच चालू लागलं.

हे चवथं काय प्रकरण होतं, ते आधी सांगायला हवं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा चौतीस-पस्तीस वर्षं झाली होती आणि सरकारच्या डोक्यात आलं होतं, की आपल्या ह्या काळ्या पत्थराच्या खाली गाळाचा खडक असणार. गाळात कोट्यवधी वर्षांपूर्वीचं शेवाळ, पाला, लाकूड दबलेलं असतं. दगड तेजाबात विरघळवला की तळाला त्याचा काळपट भुगा उरतो. त्या भुग्याला केरोजेन म्हणतात, आणि जमिनीच्या पोटात तो शिजला की तेल होतं, गॅस होतो, नाहीतर काहीच होत नाही. काय होणार, ते भुगा कोणत्या प्रतीचा आहे त्यावर.

प्रयोगशाळेचे मुख्य तात्यासाहेब. गंगापूरकडचे बागायतदार, अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून. नव्या माणसाला ते हे प्रकार अशा भाषेत समजावून सांगत, की जन्मात विसरू नयेत. म्हणत, केरोजेन म्हणजे सरकारी नोकरच समज. वर्ग एक शेवाळाचा, अंगात चरबी. जरा ऊब दिली की तेल सोडतो. वर्ग दोन समुद्रातल्या बारीकसारीक जिवांचा. थोडं तेल, थोडा गॅस. वर्ग तीन लाकूडफाट्याचा. कितीही तापवा, गॅसच सोडणार. आणि वर्ग चार म्हणजे आधीच कुठंतरी जळून बसलेला कोळसा. त्याच्यातून काही म्हणजे काही निघत नाही.

एकदा हे चाललेलं असताना वर्ग चारचा शिपाई बद्रीनाथ कपबशा मांडत होता. तो मान वर न करता म्हणाला, “साहेब, चहा निघतो.”

त्रिंबकचं काम हे प्रकार ओळखण्याचं. परदेशातून आलेली एक भट्टी होती. चिमूटभर भुगा तिच्यात घालून हवा न लागू देता तापवायचा. वाफ निघेल तशी कागदावर टेकाडं उमटत. त्यावरून भुग्यात हायड्रोजन किती, ऑक्सिजन किती, ते काढायचं. हायड्रोजन जास्त, तर तेलाकडचा. ऑक्सिजन जास्त, तर लाकडाकडचा. दोन्ही नाही, तर चवथा. त्रिंबकच्या कागदावर सहा वर्षं टेकाड सोडा, साधी मुंगी चढल्यासारखीही रेघ वर गेली नव्हती.

आणि त्याचं सगळं घोडं तिथंच अडलं होतं. त्रिंबक हंगामी होता. दर एकोणनव्वद दिवसांनी त्याला एक दिवस घरी बसवत आणि सलग नव्वद भरले तर कायम करावं लागेल, हे भूत टळलं की पुन्हा कामावर घेत. तिकडे सोयगावच्या डोंगराखाली सूर्यभान म्हणून त्याच्याच नात्यागोत्यातले मेंढपाळ होते. त्यांची मुलगी वच्छला. मुलगा-मुलगी दोघांनी एकमेकांना पाहून पसंत केलेलं. पण सूर्यभानमामा हुशार. त्यांनी त्रिंबकच्या आईला, कस्तुराबाईला, निरोप धाडला होता, “मेंढरं किती, वावर किती, काय बी इचारत नाय. पोरगा कायम हाय का, तेवढं सांगा.” कायम झाल्याचा कागद पुढच्या तुळशीच्या लग्नाआधी दिसला तर सुपारी फुटेल, नाहीतर वच्छलेसाठी सिल्लोडचा एक कंडक्टर तयार होता. आणि कंडक्टर कायम होता.

त्रिंबकनं तात्यासाहेबांचे पाय धरले. तात्यासाहेब म्हणाले, “मला चवथा सोडून एक नमुना दाखव. मग तुझी फाईल मी स्वतः काखेत मारून मुंबईला नेतो.”

पैठण रोडला चितेगावच्या शिवारात नवं भोक सुरू झालं ते डिसेंबरात. सहाशे मीटर काळा पत्थर फोडून जानेवारी लागताच छिन्नी गाळाच्या खडकात शिरली. वर येणारा चुरा धुवायचा, वाळवायचा, हलकं-जड वेगळं करायचं आणि खोलीची चिठ्ठी लावून पिशवीत भरायचा, हे काम तिथं दोन गडी लोखंडी चाळणीनं करत. पहिले दहा नमुने आले. दहाही चवथे. मग चाळणी फाटली, गडी ऊसतोडीला गेले, आणि त्रिंबकनं गावातल्या दगडाबाईला कामावर घेतलं. पन्नाशीची, काटक, नावातच दगड असलेली बाई. त्रिंबकनं तिला एकच गोष्ट बजावून सांगितली, की मावशी, बारीक कण एकसुद्धा वाया जाता कामा नये; जे काय आहे ते बारकाव्यातच आहे. दगडाबाईनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी घरून आपली दोन सुपं घेऊन आली.

त्या आठवड्यात सहाशे बारा मीटरचा नमुना भट्टीत घातला आणि कागदावर टेकाड उमटलं.

त्रिंबकनं भट्टी बंद केली, पुसली, पुन्हा चालू केली. पुन्हा टेकाड. तिसऱ्यांदा घातलं. ऑक्सिजन भरपूर, हायड्रोजन बेताचा: चोख तिसरा प्रकार. लाकूडफाटा, काड्या, गवत. त्यानं भुगा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पानांच्या शिरा, काड्यांच्या नळ्या, एकेक पेशी अशी ताजी, की जणू काल वाळलेली. त्यानं वहीत लिहिलं, ‘जतन उत्कृष्ट.’ तात्यासाहेबांनी नळीतून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बद्रीनाथला पेढे आणायला गुलमंडीवर पिटाळलं.

फेब्रुवारीत चमत्कार वाढत गेला. सहाशे तीसच्या खाली हायड्रोजन चढला, प्रकार दुसरा. मार्चमध्ये सहाशे पंचावन्नवर तर टेकाड कागदाच्या वरून बाहेर गेलं आणि पेनानं भट्टीच्या पत्र्यावर रेघ मारली. पहिला प्रकार. नुसतं तेल. अख्ख्या दख्खनच्या पत्थराखाली कुणाला स्वप्नातही न दिसलेला पहिला प्रकार, आणि तो शोधणारा चवथा!

एक खडा तेवढा दाताखाली येत होता. भुगा किती शिजलाय, तेही भट्टी सांगते. हा अजिबात शिजलेला नव्हता. खोल जावं तसा अधिक शिजलेला मिळायला हवा. हा वरपासून खालपर्यंत सारखाच कच्चा. त्रिंबकनं त्याच्यावर एक टिपण लिहिलं, की खडक वयाच्या मानानं तरुण वाटतो. सहा-साडेसहा कोटी वर्षांच्या पत्थराखालचा खडक! पण तात्यासाहेबांनी त्यावर सही केली. आनंदात माणूस कशावरही सही करतो.

तार वर गेली. वरून तार आली, की एप्रिलच्या पंधरा तारखेला तिघांची समिती विमानानं येत आहे. चितेगावात ती बातमी तारेच्या आधी पोचली. काकासाहेब म्हणून तिथले एक मोठे शेतकरी होते. त्यांनी आपल्या विहिरीत पेटती काडी टाकून पाहिली. मिशा वाचल्या, कारण विहिरीत पाणी होतं. टपरीवरचा चहा पाच पैशांनी महागला. सूर्यभानमामांचाही निरोप आला, की कंडक्टरला थांबवलंय.

आणि मार्चअखेर एकदम पाच नमुने चवथे आले. सपाट रेघ. त्यांच्या खालचा पुन्हा पहिला. खाली-वर चरबी आणि मध्ये कोळसा, असा खडक त्रिंबकनं पुस्तकात कधी वाचला नव्हता. जेवण जाईना. तीन महिन्यांचा आलेख भिंतीला लावून तो समोर बसून राहिला. त्याच वेळी बद्रीनाथ चितेगावच्या तळाचा हजेरीपट सहीसाठी घेऊन आला. त्रिंबकनं सहज नजर टाकली. ज्या पाच दिवशी ते पाच नमुने भरले होते, त्या पाचही दिवशी दगडाबाईच्या नावापुढे गैरहजर. बहिणीच्या पोरीच्या लग्नाला गेली होती. कामाला दुसरा गडी, आणि दुरुस्त करून आणलेली चाळणी.

त्यानं हजेरीपट मागे उलटला. पहिले दहा चवथे: दगडाबाई यायच्या आधीचे.

सायकलवर टांग मारून तो चितेगावला गेला तेव्हा दगडाबाई आपल्या अंगणात उकिडवी बसून सूप सारवत होती. ओल्या शेणाचा हात बोटाबोटानं फिरवत, वेताच्या भेगा बुजवत. दुसरं सूप उन्हाला वाळत पडलेलं. बाजूला हरणी नावाची तिची गाय, पायाशी वासरू, समोर घमेलं.

“या तिरमकदादा. बसा. ह्ये सूप झालं की चहा टाकते.”

“मावशी, हे नमुन्याचं सूप?”

“व्हय. दर आठ दिसाला सारवते.”

“शेणानं?”

“मंग कशानं?” दगडाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शहरात राहून बिघडलेल्या पोराकडे पाहावं. “कोऱ्या सुपात कुणी पाखडतं का? भेगंतून समदं बारीक गळून जातंय. तुमीच म्हनला व्हता, येक कण बी वाया जाऊ देऊ नगं.”

त्रिंबक मेंढपाळाचा पोर होता. त्यानं खाली वाकून शेण दोन बोटांत चोळलं, आणि वास घेतला.

“सरकीची पेंड घालता हिला?”

“व्याली तवापासनं. शिमग्याच्या आदी आठ रोज. वर जवसाची बी देते. दूध बगा कसं हाय, बोट घातलं तर बोट उभं ऱ्हातंय.”

“आणि त्याच्या आधी?”

“आदी लसूणघास देत व्हते हिरवा. पार संक्रांतीपातुर नुसता कडबा. कडब्यावर काय दूध देती ती?”

त्रिंबक घमेल्याशेजारी मातीत बसला. कडबा: तिसरा प्रकार. घास: दुसरा. सरकीची नि जवसाची पेंड: पहिला. चितेगावच्या भोकाचा आलेख म्हणून त्यानं जे भिंतीला लावलं होतं, ते हरणीचं तीन महिन्यांचं जेवणाचं ताट होतं. आणि ‘जतन उत्कृष्ट’ का नसावं?

परतताना सायकल त्यानं हातात धरून चालवली. समितीला यायला आठ दिवस होते. बोललं नाही तर काय होईल? समिती पाहील, खूश होईल, दुसरं भोक मंजूर होईल, फाईल मुंबईला जाईल, कागद येईल, सुपारी फुटेल. दुसऱ्या भोकावर दगडाबाई असेलच. हरणीला पेंड बंद पडू द्यायची नाही, म्हणजे झालं. ह्या विचारानं नक्षत्रवाडीच्या चढापर्यंत त्याला बरं वाटलं. चढावर मात्र त्याच्या डोळ्यांपुढे चित्र आलं: बायको, पोरं, बढती, म्हातारपण, आणि ह्या सगळ्याला पुरेल इतकी वर्षं एका गायीला चोरून पेंड घालणं. त्याला धाप लागली.

त्यानं तात्यासाहेबांना सगळं सांगितलं. तात्यासाहेब ऐकताना आधी हसले, मग हसायचे थांबले, मग उठून त्यांनी खोलीचं दार लावलं. त्यांचं म्हणणं पडलं, की त्रिंबकला ऊन लागलंय. फ्रान्स, रशिया, अमेरिका ज्यावरून तेल शोधतात त्या भट्टीला शेण आणि शेवाळ यातला फरक कळत नाही, असं पंधरा तारखेला तीन माणसांपुढे मी उभा राहून सांगू? पुरावा आण.

पुरावा तात्यासाहेबांनीच ठरवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेणाच्या चार पुड्या आणल्या, वर फक्त आकडे. कुठल्या जनावराच्या, ते त्यांना आणि बद्रीनाथला ठाऊक. बद्रीनाथचा चेहरा, पहाटेपासून हे गोळा करत हिंडलेल्या माणसाचा असावा तसा होता. त्रिंबकनं चारही पुड्या वाळवल्या, तेजाबातून काढल्या, भट्टीत घातल्या. संध्याकाळी कागद घेऊन तो उभा राहिला.

पहिली: उसाचं वाढं. तात्यासाहेबांनी मान हलवली. बरोबर.

दुसरी: शेंगदाण्याची पेंड आणि हिरवा मका. बरोबर.

तिसरीला तो जरा अडखळला. म्हणाला, साहेब, हे जनावर कागद खातं. नुसता कागद नाही, छापलेला, वर खळ. तात्यासाहेब बद्रीनाथकडे वळले. बद्रीनाथनं कबूल केलं, की ती गुलमंडीवरची मोकाट गाय, सिनेमाची पोस्टरं भिंतीवरून खळीसकट ओढून खाणारी. तात्यासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला.

“आणि चवथी?”

“नुसता कडबा, साहेब. तोही जुना.”

“चुकलास.” तात्यासाहेब खुर्चीत मागे रेलले. कालपासून इतक्या समाधानानं ते बसले नव्हते. “ती माझ्या घरची म्हैस आहे. महिन्याला एक पोतं सरकी मी स्वतः धाडतो तिला.”

त्रिंबकनं कागद पुन्हा पाहिला. सहा वर्षांची नोकरी, वच्छला, कंडक्टर, सगळं त्या एका रेघेवर येऊन बसलं होतं. “साहेब,” तो म्हणाला, “धाडत असाल. पण म्हशीपर्यंत पोचत नाही.”

तात्यासाहेब उठले आणि जीपमध्ये बसले. पुढचं बद्रीनाथनं येऊन सांगितलं. म्हैस सांभाळायला ठेवलेल्या गड्याच्या खोपटात, गोधडीखाली, सरकीची चार पोती निघाली होती. गडी म्हणत होता, उंदरांपासून राखून ठेवली. म्हैस तेवढी त्याच्याकडे बघत होती, आणि तिची ती नजर, बद्रीनाथच्या म्हणण्याप्रमाणे, साहेबांच्या बाईसाहेबांसारखी होती.

त्या दिवसापासून तात्यासाहेबांचा विज्ञानावर विश्वास बसला. पंधरा तारखेला समिती आली. तात्यासाहेबांनी उभं राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं: खडक चवथा, बाकीचं हरणीचं. नवं भोक होणार नाही, हे तिघांनी पाच मिनिटांत ठरवलं. मग चारही पुड्यांची गोष्ट आली, आणि म्हशीपाशी आल्यावर तिघांनी खुर्च्या पुढे ओढल्या. समितीतले सगळ्यांत मोठे साहेब, दिवसभरात ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं, ते जाताना त्रिंबकला हाताला धरून जीपच्या आडोशाला घेऊन गेले. त्यांच्या बंगल्यावर एक गाय होती. चारा तिला भरपूर, दूध चमचाभर. त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

मे महिन्यात त्यांची पुडी रजिस्टर पोस्टानं आली. त्यानंतर जूनमध्ये दोन साहेबांच्या आल्या, जुलैत अकरा. कुणाचा गवळी, कुणाचा मेहुणा, कुणाच्या सासरवाडीची म्हैस. बाहेरून सगळ्या पाकिटांवर ‘खडक नमुना, तातडीचे’ असं टंकलेलं. चिकलठाण्याच्या टपालकचेरीनं तोंडी तक्रार केली, लेखी करायचं धाडस केलं नाही. कारण पोस्टमास्तरांचीही एक पुडी आत होती. दगडाबाईला पुड्या वाळवायला प्रयोगशाळेत आणलं गेलं, आणि तिनं पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून सुनावलं, की परमुलखातल्या जनावरांचं शेण आपल्याकडच्यासारखं नाही. सुपाला धरायचं नाही.

दिवाळीच्या तोंडावर मुंबईहून आदेश निघाला: ‘प्रयोगशाळेवरील कामाचा असाधारण बोजा विचारात घेऊन’ श्री. त्रिंबक यांना सेवेत कायम करण्यात येत आहे. फाईल काखेत मारून न्यायची पाळीच आली नाही. ती पळतच गेली होती.

तुळशीच्या लग्नाला चार दिवस असताना सूर्यभानमामा स्वतः चिकलठाण्याला आले. फेटा, घोंगडी, हातात काठी. आदेश त्यांनी उलटा-सुलटा धरून पाहिला, शिक्क्यावर अंगठा घासून पाहिला, शाई सुटत नाही अशी खात्री केली. मग भट्टीकडे बघत विचारलं, की हे यंत्र नेमकं करतं काय. त्रिंबकनं सांगितलं.  तसे मामांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि मूठभर मेंढीच्या लेंड्या टेबलावर ठेवल्या. त्यांचं म्हणणं, गावचा पाटील बोंब मारत होता की मामांच्या कळपानं त्याची तूर खाल्ली. मामा म्हणत होते, कळप बोरी-बाभळीच्या पाल्यावर होता. आता पोरगा कायम झालाय, तर त्यानं सांगावं काय ते.

त्रिंबकनं लेंड्या कुटल्या. भट्टी तापायला लागली. मामा भिंतीला टेकून बसले, डोळे यंत्रावर. जावई करून घेणारा माणूस समोर बसलेला, आणि पेन कागदावर हळूहळू चढत निघालेलं. टेकाड पुरं झालं तेव्हा त्रिंबकच्या कानामागून घाम ओघळत होता.

“मामा,” तो म्हणाला, “तूर आहे. शेंगांसकट.”

सूर्यभानमामांनी कागद हातात घेतला. टेकाडावरून एकदा बोट फिरवलं. मग तो त्यांनी चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात नीट ठेवला.

“असलं मशीन पाटलाकडं हाय का?”

“नाही मामा. मराठवाड्यात हे एकच आहे.”

“मंग,” सूर्यभानमामा काठीवर भार देऊन उठले, “घरात आसलेलंच बरं. फोडा सुपारी.”